सातऱ्यावर निवडलेली मिरची

“ऑफिसात व्हायरस शिरला होता, म्हणून यायला दोन दिवस उशीर झाला,” असं मी मामांना सांगितलं, तेव्हा ते केशोरीच्या वावरात मिरचीच्या झाडांमध्ये उकिडवे बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कोनत्या पिकावर?”

“पिकावर नाही मामा, कम्प्युटरवर.”

“अस्सं,” मामा म्हणाले. “मंग उपटला का नाही त्याले?”

मामांचं यात काही चुकलं नव्हतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकाला, गडचिरोलीच्या हद्दीलगत असलेल्या या गावात व्हायरस हा शब्द कम्प्युटरच्या आधी पोचला. धान तर या भागात सगळेच पिकवतात. केशोरीचं नाव निघतं ते मिरचीसाठी. आणि मिरची म्हटली की चुरडा-मुरडा आलाच. पानं आकसतात, वळतात, झाड खुरटतं. कोणी त्याला बोकड्याही म्हणतं. मामा पान न तोडता सांगतात, “वर वळला तं फुलकिडा, खाली वळला तं कोळी.” आणि पांढऱ्या माशीनं विषाणू आणून सोडला असेल तर मामा काहीच सांगत नाहीत. झाड मुळासकट उपटतात, लांब नेऊन गाडतात. सन २०२० मध्ये शहरातली माणसं ‘विलगीकरण’ हा शब्द तोंडपाठ करत होती, तेव्हा मामांच्या मिरचीची त्यात हयात गेली होती.

मी नागपूरच्या एका ऑफिसात मेल सर्व्हरचा राखणदार आहे. माझं काम काय, हे सोळा वर्षांत मी घरात कोणालाही समजावू शकलेलो नाही. सासरेबुवा मला पोस्टातला समजतात. मामांना मात्र ते अर्ध्या मिनिटात कळलं. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी माझ्या सर्व्हरवर येते, तिथं तिची झडती होते, मग ती ज्याची त्याच्या टेबलावर जाते. शिवाय प्रत्येकाच्या कम्प्युटरवर वेगळा अँटीव्हायरस असतो.

“म्हंजे तू धुऱ्यावरचा मका होय,” मामा म्हणाले.

मिरचीच्या वावराभोवती, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, मामांनी दोन-तीन ओळी मका लावला होता. उडत आलेली पांढरी माशी आधी मक्यात अडकते, मिरचीपर्यंत कमी पोचते. हा झाला धुऱ्यावरचा बंदोबस्त. पण त्यावर विसंबून मामा घरी बसत नाहीत. रोज सकाळी एकेका झाडाची पानं उलटून बघतात. हा झाला झाडावरचा बंदोबस्त. आमच्या ऑफिसात या दोन गोष्टींवरून दोन पंथ पडले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी रोटीव्यवहारही बंद आहे. मी धुरेपंथी. माझ्यासमोरच्या खोलीत बसतात ते झाडपंथी.

झाडपंथींचं म्हणणं असं की, शेवटी व्हायरस चालतो तो माणसाच्या कम्प्युटरवर. पेन ड्राइव्हमधून आला, सीडीतून आला, नेटवरून उतरवला, कुठूनही आला तरी त्याला याच दारातून आत जावं लागणार. मग दारावरच माणूस ठेवा, धुऱ्यावर मका कशाला?

आम्ही धुरेपंथी म्हणतो, ऑफिसात चाळीस कम्प्युटर आणि चाळीस माणसं. रोज सकाळी अँटीव्हायरस अदबीनं विचारतो, “नवीन माहिती आली आहे, आत्ता घेऊ की नंतर?” चाळीसपैकी अडतीस जण “नंतर”वर बोट ठेवतात. उरलेल्या दोघांपैकी एक रजेवर असतो आणि दुसऱ्याचा कम्प्युटर बंद पडलेला असतो. सर्व्हरवर मात्र एकदा माहिती भरली की चाळीसही जण एकदम सुरक्षित. चाळीस दारांवर चाळीस डुलक्या घेणारे राखणदार बसवण्यापेक्षा वेशीवर एक जागा माणूस बरा.

हे भांडण जुनं आहे. २६ मार्च १९९९ ला, शुक्रवारी, ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस निघाला. वर्डच्या फाइलमध्ये बसून तो यायचा आणि फाइल उघडली की त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच मेल पाठवायचा. पन्नासाचे पन्नास-पन्नास करत तो असा सुटला की मोठमोठ्या कंपन्यांनी मेलचे सर्व्हरच बंद केले. मायक्रोसॉफ्टनंही बाहेर जाणारी मेल थांबवली. त्या दिवशी जगाला चांगलंच कळलं की टेबलांवर अँटीव्हायरस असून भागत नाही, वेशीवरही कोणी पाहिजे. धुरेपंथाची स्थापना मी त्या दिवसापासून धरतो.

झाडपंथाचं मात्र मराठी घराणं आहे, हे मला मान्य करावं लागतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात दुरुस्तीला आलेल्या कम्प्युटरांतले व्हायरस काढता काढता ‘क्विक हील’ उभं केलं. आजारी झाड समोर आलं, त्यावर औषध शोधलं. झाडपंथींनी हे माझ्या तोंडावर इतक्या वेळा फेकलं आहे की काटकर बंधूंचा जीवनपट मला माझ्या बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे.

आता आमच्या ऑफिसातला व्हायरस. झालं असं की, साहेबांना एक मेल आली. विषय : ‘थकीत बिल’. सोबत एक झिप फाइल, तिला पासवर्ड आणि तो पासवर्ड खाली मेलमध्येच लिहिलेला. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगून ठेवावी तसा. माझा सर्व्हर पोतं हलवून बघतो, उसवून बघतो, पोत्यात पोतं असलं तर तेही बघतो. पण कुलूपबंद पेटीपुढे तो हात जोडतो. त्यानं मेलवर चिठ्ठी लावली : ‘सोबतची फाइल तपासता आली नाही.’ साहेबांनी त्यातला ‘तपासता’ एवढाच शब्द वाचला. दोन ओळींखाली पासवर्ड होता तो मात्र त्यांनी नीट वाचला, वहीत उतरवला आणि फाइल उघडली.

“साहेबांच्या कम्प्युटरवरचा अँटीव्हायरस काय करत होता?” मी झाडपंथींना विचारलं. तो बंद होता. कम्प्युटर हळू चालतो म्हणून साहेबांनीच बंद करायला लावला होता. “पण सर्व्हरनं ती आत सोडलीच कशी?” त्यांनी मला विचारलं. मग दोन दिवस बैठक झाली. तिचं सार असं : सर्व्हरवाल्यांना वाटलं टेबलावर कोणी बघेल, टेबलावाल्यांना वाटलं सर्व्हरवर कोणी बघितलं असेल आणि साहेबांना वाटलं दोघांनी बघितलं आहे. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘दोन्ही स्तरांवर सुरक्षा उपलब्ध होती.’ होतीच. दोघं राखणदार एकाच वावरावर ठेवले होते. रात्रभर प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर घोरत होता.

ही कुलूप-किल्लीची युक्ती काही नवी नाही. २००४ मध्ये ‘बॅगल’ नावाच्या व्हायरसनं तीच वापरली : झिपला कुलूप, पासवर्ड मेलमध्ये. अँटीव्हायरसवाले हुशार, त्यांनी सर्व्हरला मेलमधला पासवर्ड वाचून कुलूप काढायला शिकवलं. तेव्हा बॅगलनं पासवर्ड अक्षरांत लिहिणं सोडलं आणि त्याचं चित्र पाठवायला सुरुवात केली. म्हणजे यंत्राला वाचता येऊ नये, माणसाला मात्र यावं. त्याच वर्षीचा ‘नेटस्काय’ तर आणखी निर्ढावलेला. त्याच्या मेलखाली छापून यायचं की अमुक अँटीव्हायरसनं ही मेल तपासली असून व्हायरस सापडलेला नाही. चोरानंच पोलीस पाटलाचा दाखला घेऊन दारात उभं राहावं, तशातला प्रकार.

पोत्यात पोतं म्हटलं, तेही उगीच नाही. ‘४२.झिप’ नावाची एक प्रसिद्ध फाइल आहे. वजन फक्त ४२ किलोबाइट. आत झिप, त्यात आणखी झिप, असं उघडत गेलं तर शेवटी साडेचार पेटाबाइटचा ढीग निघतो. म्हणजे पंचेचाळीस लाख जीबी. प्रामाणिक सर्व्हर ती निष्ठेनं उघडत बसायचा आणि उघडता उघडता आडवा व्हायचा. म्हणून आता सर्व्हरला सांगून ठेवतात की अमुक थरांपलीकडे खणू नकोस. थोडक्यात, फार कर्तव्यदक्ष राहू नकोस. सरकारी नोकरीत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

केशोरीला येताना वाटेवरच्या एका सेवा केंद्रात मी थांबलो होतो. सातबारा काढायचा होता. टेबलावर एकच कम्प्युटर, त्यावर झेंडूचा हार आणि कोपऱ्यात लाल खिडकी : ‘आपली सुरक्षा संपली आहे.’ केंद्रावरच्या भाऊंनी ती माऊसनं अशी बाजूला केली, जसा आपण ताटावरून माशी हाकलतो. “तीन वर्षांपासून हेच सांगून रायला,” ते म्हणाले, “अन् आपला काही बिघडला का?”

“पण व्हायरस आला तर?”

“मेलवाले तपासूनच पाठवतेत न, सर.”

माझ्या मनातला धुरेपंथी सुखावला. तेवढ्यात एका पोरानं जाळीदार पिशवीतून लाल दोरा बांधलेला पेन ड्राइव्ह काढला. त्या पेन ड्राइव्हनं तालुक्यातले जेवढे कम्प्युटर पाहिले असतील, तेवढे तालुक्यातल्या तलाठ्यांनीही पाहिले नसतील. लावल्याबरोबर सगळ्या फोल्डरांवर बारका बाण दिसायला लागला. भाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही. खरा फोल्डर लपवायचा, त्याच्या नावाचा तोतया समोर ठेवायचा. तोतयावर क्लिक केलं की तो आधी आपलं काम उरकतो आणि मग इमानदारीनं खरा फोल्डर उघडूनही देतो. म्हणून कोणाची तक्रारच नसते. माझा सुखावलेला धुरेपंथी जागच्या जागी बसला. हा पाहुणा धुऱ्यावरून आलाच नव्हता. यजमानानं त्याला खिशात घालून आणला होता.

भाऊंकडे यावर उपाय होता. “दुसरापण अँटीव्हायरस टाकून देतो सर, फुकटवाला. दोन झाले म्हंजे डबल सेफ.” त्यांनी तो टाकला. जागता पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एका कम्प्युटरवर ठेवले तर ते व्हायरस बाजूला ठेवून एकमेकांच्या पाळतीवर राहतात. एकानं उघडलेली फाइल दुसरा तपासतो, दुसऱ्यानं उघडलेली पहिला. शिवाय व्हायरस ओळखायच्या खुणा दोघांच्याही खिशात, त्यामुळे झडतीत एकमेकांकडेच मुद्देमाल सापडतो. माझा सातबारा निघायला पाऊण तास लागला. सातबाऱ्यावर मात्र दोघांचंही एकमत होतं. तो कोणीच अडवला नाही.

संध्याकाळी मामांच्या ओसरीत बसलो होतो, तर भावकीच्या ग्रुपवर लग्नपत्रिका आली. ‘लग्नपत्रिका.एपीके’. मामांचा अंगठा तिच्यावर पडणार, इतक्यात मी हातातून फोन ओढला.

“अबे, लगन कोनाचा हाय तेवढा तं पाहू दे!”

एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, फोनमध्ये घुसणारं अख्खं ॲप. अंगठा दाबला, पुढे ‘परवानगी द्या’ला हो म्हटलं की ते मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपी उचलतं आणि आहेर परस्पर घेऊन जातं. हीच फाइल कोणी जीमेलनं पाठवायला गेलं तर जीमेल दारातच अडवतो. एपीके जोडू देत नाही. पण व्हॉट्सॲपवरचा निरोप या टोकाला कुलूपबंद होतो आणि त्या टोकालाच उघडतो. मधल्या कोणालाही आत डोकावता येत नाही. आपल्या खासगीपणासाठी हे उत्तमच. पण त्याचा अर्थ असा की या वाटेवर धुराच नाही. सगळं एकट्या झाडावर आलं. आणि इथलं झाड म्हणजे मामांचा अंगठा.

नावातली ही फसवणूकही जुनीच. ४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ व्हायरस फिलिपिन्समधून निघाला. सोबतच्या प्रेमपत्राचं नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसायचं. त्यापुढचं व्हीबीएस हे खरं शेपूट विंडोज लपवून ठेवायचं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सनं आपली मेल बंद केली. खासदारांना कोण प्रेमपत्र पाठवणार, एवढी एक शंका घेतली असती तरी पुष्कळ होतं. पण शंका ही प्रेमपत्रावर कोणी घेत नाही आणि लग्नपत्रिकेवर तर मुळीच नाही. तिकडे प्रेमपत्र उघडलं, इकडे पत्रिका. पंचवीस वर्षांत प्रकरण लग्नापर्यंत आलं, एवढीच प्रगती.

“पन कम्प्युटरवाल्या दवाईनं ह्या साऱ्या गोष्टी ओरखू नाही येत का?” मामांनी विचारलं.

मी त्यांना शेजारचंच उदाहरण दिलं. जवळच गोठणगावकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, १९७२ ची. आमच्याकडे सगळे तिला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. या समाजाइतका मेलमधल्या व्हायरसचा मार जगात फार कमी लोकांनी सोसला असेल. धरमशालेतल्या दलाई लामांच्या कार्यालयापर्यंत तो पोचला होता. २००९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ नावानं हेरगिरीचं ते जाळं उघडकीला आणलं : १०३ देशांतले १,२९५ कम्प्युटर. मेल यायची ओळखीच्या चळवळीच्या नावानं, फाइल असायची कामाची आणि उघडली की कम्प्युटर परक्याच्या ताब्यात. संशोधकांनी तसली एक फाइल ३४ अँटीव्हायरसांपुढे ठेवून पाहिली. ओळखली किती जणांनी? अकरा.

“म्हंजे तेवीस जन पास करून बसले,” मामा म्हणाले.

कारण सरळ आहे. अँटीव्हायरस बहुतेक करून आधी पाहिलेला चोर ओळखतो. खास आपल्यासाठी घडवलेला नवा चोर त्याला सोयरा वाटतो. मग तिबेटी कार्यकर्त्यांनी औषधाचा नाद कमी करून माणसांनाच शिकवायला घेतलं. मोहिमेचं नाव ठेवलं, ‘डिटॅच फ्रॉम अटॅचमेंट्स’. अटॅचमेंट म्हणजे मेलला जोडलेली फाइल आणि अटॅचमेंट म्हणजे आसक्ती. आसक्ती सोडा, असं बुद्धानं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. ते असं तंतोतंत लागू पडेल, हे त्यालाही वाटलं नसेल. आमच्या ऑफिसात सुरक्षेची पंचेचाळीस पानी नियमावली आहे. तिबेट्यांचं तीन शब्दांत भागलं.

मामांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “तरी पन लगन कोनाचा होता रे?”

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मामी माझ्यासाठी वर्षाची मिरची काढायला बसली. मामी हंगामात सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि निवडायचं आवार. बायका ओळीनं बसतात, देठ खुडतात आणि रंग उडालेली, पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढतात. तिथून पोती भरून माल व्यापाऱ्याकडे जातो. घरची ही मिरचीसुद्धा मामीनं तिथंच निवडून आणलेली होती. आणि आता सुपात घेऊन ती पुन्हा निवडत होती.

मला राहवलं नाही. माझ्या धंद्याचा प्रश्न होता. “मामी, सातऱ्यावर तूच निवडली ना ही?”

“मीच त्.”

“मग पुन्हा कशाला? स्वतःवर भरवसा नाही का?”

मामीनं एक फटकी काढून बाजूला टाकली. “तिथं किलोच्या भावानं निवडाची रायते बाबू. पोता संपवाचा रायते. इथं खायाची हाय.”

गेली सोळा वर्षं दोन पंथ ज्यावर भांडत आहेत, ते मामीनं सुपात पाखडून ठेवलं. सर्व्हर म्हणजे सातरा. त्याच्यापुढून दिवसाला हजारो मेल जातात. एकेकीवर तो क्षणभर थांबतो, कालपर्यंत कळलेल्या खुणांवर निवडतो आणि पोतं पुढे ढकलतो. त्यानं तेवढंच करायचं असतं आणि ते थोडं नसतं; तो नसता तर घरोघरी फटकीचा ढीग आला असता. टेबलावरचा अँटीव्हायरस म्हणजे सूप. मेल परवा आली, व्हायरसची खूण काल कळली, फाइल आज उघडली. सातऱ्याला जी दिसणं शक्यच नव्हतं ती फटकी सुपात दिसते. शिवाय पेन ड्राइव्हवाली पाहुणी मिरची सातऱ्यावर गेलेलीच नसते. आणि ज्याच्या ताटात ती पडणार, त्यानंही तोंडात घालण्याआधी एक नजर टाकायची असते. सातरा मोठा की सूप मोठं, हे भांडण ज्यांना फोडणी द्यायची नसते त्यांचं.

मिरची घेऊन मी नागपूरला पोचलो. बायकोनं पिशवी उघडली, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि मिरची पसरून निवडायला बसली.

“अगं, मामीनं दोनदा निवडलीय,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर पाच मिनिटांत होईल.”

तीन फटक्या निघाल्या.